हेक्झेन सांभाळताना: टँकर उतरवण्यापासून एक्स्ट्रॅक्टर मोकळा करण्यापर्यंत

सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असते आणि ते नुसते दाबून पुरते निघत नाही. म्हणून दाणा भरडून, तापवून त्याचे पातळ फ्लेक पाडतात, एक्स्ट्रॅक्टरमध्ये त्यांच्यावर हेक्झेन सोडतात आणि हेक्झेनमध्ये उतरलेले तेल ऊर्ध्वपातनाने वेगळे करून तेच हेक्झेन पुन्हा वापरात आणतात. लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील अशा एका सॉल्व्हंट प्लान्टमध्ये मी काम करतो. सुरुवातीची काही वर्षे भरडाईच्या विभागात गेली. नंतर सॉल्व्हंट यार्डाची, म्हणजे हेक्झेनच्या भूमिगत टाक्या, टँकर उतरवण्याची जागा, पंप आणि तिथून एक्स्ट्रॅक्टरपर्यंत जाणाऱ्या सगळ्या लाइनींची जबाबदारी माझ्याकडे आली. ती शिकून घेताना जे पाहिले आणि जे आज रोज करतो, ते या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हेक्झेन दिसायला पाण्यासारखे स्वच्छ असते, पण एका लिटरचे वजन जेमतेम ६६० ते ६८० ग्रॅम भरते. खाद्यतेलासाठी वापरले जाणारे हेक्झेन सुमारे ६३ ते ६९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळते. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर साचलेली वाफ ठिणगी लागताच पेट घेऊ शकते ते तापमान, उणे २२ अंशांच्या आसपास आहे; त्यामुळे मराठवाड्यातल्या कडाक्याच्या थंडीतही ते पेटण्याच्या अवस्थेतच असते आणि एप्रिल-मेच्या उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.१ ते ७.५ टक्क्यांच्या दरम्यान आले की ते मिश्रण पेटते. यार्ड ताब्यात घेतल्यावर मी एक हिशेब मांडला होता आणि तो आजही नव्या ऑपरेटरांना फळ्यावर करून दाखवतो. एक लिटर हेक्झेन सांडून पूर्ण उडाले तर सुमारे १८५ लिटर वाफ होते. ती हवेत मिसळत १.१ टक्क्यावर येईपर्यंत जवळपास १७ घनमीटर हवा पेटण्याजोगी झालेली असते. अडीच मीटर लांब-रुंद खोली छतापर्यंत भरायला एवढी हवा पुरते. एका लिटरचा हा हिशेब कळल्यावर व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून पडणाऱ्या थेंबाकडे कोणी दुर्लक्ष करत नाही.

ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि केबलच्या चारीत, पंपाच्या खड्ड्यात, गटारात जाऊन बसते. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात एका सोयाबीन प्लान्टमधून हेक्झेन सांडपाण्याच्या वाहिन्यांत गेले आणि १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे वरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने त्या वाहिन्या पेटून रस्तेच्या रस्ते उखडले गेले. वेळ पहाटेची होती म्हणून जीव वाचले. आमच्याच धंद्यातल्या, आमच्याच द्रावकाच्या या घटनेमुळे प्लान्टच्या सांडपाण्याकडे मी टाक्यांइतकेच लक्ष देतो. हेक्झेन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पाण्यावर तरंगते. म्हणून बाहेर जाणारे सगळे पाणी आधी सेपरेटरमध्ये आणि नंतर सापळ्याच्या हौदात थांबते, आणि हौदाच्या पृष्ठभागावर तवंग नाही याची खात्री करूनच ते पुढे सोडले जाते. सेपरेटरमध्ये मिसेला, म्हणजे तेल मिसळलेले हेक्झेन, आले तर पाणी दुधाळ होते, थर नीट वेगळे पडत नाहीत आणि हेक्झेन पाण्याबरोबर निसटू लागते. पाणी दुधाळ दिसले की बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मगच कारण शोधायचे, ही शिफ्टमधल्या प्रत्येकाला दिलेली मुभा आहे. त्यासाठी माझी परवानगी घ्यावी लागत नाही.

परवान्याच्या बाबतीत आपल्याकडे अनेकांना तो केवळ कागदी सोपस्कार वाटतो, मला तसे वाटत नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांनुसार ज्याचा फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आहे ते पेट्रोलियम 'अ' वर्गात येते आणि हेक्झेन अर्थातच याच वर्गातले आहे. या नियमांची अंमलबजावणी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, करते. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्यासोबत मंजूर झालेला नकाशा येतो आणि त्यात टाकी कुठे, भरण्याचा पाइप कुठे, श्वासनळी म्हणजे व्हेंट कुठे आणि कोणत्या बाजूला किती जागा मोकळी ठेवायची हे सगळे आखलेले असते. हंगामात आवारात जागा अपुरी पडते, आणि एका वर्षी यार्डाच्या कुंपणालगत बारदानाच्या गठ्ठ्या काही दिवस ठेवाव्यात अशी सूचना आली होती. मी तोंडी वाद घातला नाही; मंजूर नकाशा टेबलावर उघडून ती पट्टी मोकळी दाखवलेली आहे एवढेच सांगितले आणि गठ्ठ्या दुसरीकडे गेल्या. तेव्हापासून त्या नकाशाची एक प्रत कार्यालयातल्या कपाटाऐवजी यार्डाच्या फाटकावर काचेखाली लावलेली आहे.

टँकर उतरवणे हा या कामातला सर्वांत जोखमीचा भाग आहे, कारण एरवी बंद असलेली यंत्रणा त्या वेळी उघडली जाते आणि बाहेरची गाडी, बाहेरचा माणूस आत येतो. फाटकावर कागदपत्रे, सील, ड्रायव्हरच्या परवान्यावरची धोकादायक मालाची नोंद, ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे कार्ड, आणि टँकरवरची यूएन १२०८ या हेक्झेनच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची पाटी तपासतो. सायलेन्सरला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर बसवलेला आहे का, हे वाकून स्वतः पाहतो, कारण 'आहे साहेब' हे उत्तर पुरत नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर यांचे मोबाइल, काडेपेटी, लायटर फाटकावर जमा होतात. टँकर आपल्या जागी उभा राहिला की इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडीचे तोंड बाहेरच्या दिशेने, म्हणजे वेळ पडल्यास ती मागेपुढे न करता सरळ बाहेर काढता येते.

त्यानंतर काही वेळ कोणीही कशालाही हात लावत नाही. हेक्झेन विजेचे अत्यंत मंदवाहक आहे. रस्त्याने हिंदकळत आल्यामुळे, किंवा पाइपमधून वाहताना, त्यात स्थिर विद्युतभार साचतो आणि तो लगेच निचरून जात नाही. ही वाफ पेटवायला लागणारी ऊर्जा एका मिलिज्यूलच्या साधारण चौथ्या भागाइतकी आहे. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना बोटाला बसणारा चटकाही त्याहून मोठा असू शकतो. म्हणूनच यार्डात नायलॉन आणि टेरिलीनचे कपडे चालत नाहीत, सुती चालतात.

अर्थिंगचा क्लँप लावण्याचे काम आमच्याकडे एक ज्येष्ठ ऑपरेटर करतात, त्यांना सगळेच मामा म्हणतात. त्यांचा हात पाहण्यासारखा आहे. टँकरच्या चासीवरील अर्थिंगच्या पट्टीवर रंग, धूळ, ग्रीस यांचा थर असतो. मामा खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून ती जागा धातू चकाकेपर्यंत घासतात, क्लँपच्या दातांत अडकलेली जुनी रंगाची खपली पितळी तारेच्या ब्रशने काढतात, क्लँप बसवतात, दोनदा हिसका देऊन पाहतात आणि मग मीटरवर सातत्य, म्हणजे विजेचा जोड अखंड असल्याचे, दिसल्याशिवाय मान हलवत नाहीत. रंगावर बसलेला क्लँप दिसायला व्यवस्थित असतो, पण त्यातून भार जमिनीत जात नाही. आधी अर्थिंग, मग झाकण, मग होज. सोडवताना नेमके उलट, म्हणजे अर्थिंग सर्वांत शेवटी. हा क्रम यार्डात ठळक अक्षरांत लिहिलेला आहे, तरी मामा प्रत्येक वेळी तो मोठ्याने म्हणतात आणि नव्या मुलांकडून म्हणवून घेतात.

होज जोडण्याआधी भूमिगत टाकीची डिप घेतो, म्हणजे आत दांडा सोडून पातळी मोजतो, आणि रिकामी जागा किती आहे ते काढतो, कारण उतरवायला सुरुवात केल्यावर 'मावत नाही' हे कळणे म्हणजे भरलेला होज हातात घेऊन उभे राहणे. टाकी आम्ही ९५ टक्क्यांच्या वर कधीच भरत नाही. उष्म्याने हेक्झेन फुगते, त्याला जागा लागते. नमुना काढून घनता आणि उकळण्याची मर्यादा प्रयोगशाळेत तपासली जाते, तळाला पाणी आहे का ते पाहिले जाते आणि मगच व्हॉल्व्ह उघडतो. दुसरा एक होज टाकीच्या वरच्या भागातून टँकरकडे जातो. टाकीत हेक्झेन शिरताना जी वाफ बाहेर ढकलली जाते ती व्हेंटमधून हवेत न सोडता टँकरमध्येच परत जावी, यासाठी ही सोय आहे. तिच्यासाठी झालेला खर्च मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तिच्यामुळे यार्डातल्या वासात पडलेला फरक मी स्वतः अनुभवला आहे.

भरण्याचा पाइप टाकीच्या तळाजवळपर्यंत गेलेला असतो. वरून धार पडली तर शिंतोडे उडतात आणि त्या शिंतोड्यांतून विद्युतभार वाढतो. पाइपचे तोंड द्रवात पूर्ण बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी ठेवायचा, हा नियम आहे. ३ इंची होजमध्ये हा वेग म्हणजे मिनिटाला सुमारे २७० लिटर. टँकरचालकांना हे फार संथ वाटते. मुंबईतल्या माहुलहून रात्रभर गाडी चालवून आलेला एक ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह पुरता खोला ना, मला आज परत निघायचंय." मी त्याला सावलीत बसवून चहा दिला आणि सांगितले, "दादा, सगळा टँकर याच वेगानं उतरवला तरी १२ हजार लिटरला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तुमच्या गाडीसाठीच आहे." घाईचे कारण बहुतेक वेळा खरे असते, हे मी मान्य करतो. म्हणूनच त्यांच्या बसण्याची, पाण्याची आणि जेवणाची व्यवस्था यार्डाच्या बाहेर पण जवळ असावी, असा आग्रह मी धरला. थांबण्याची सोय नसली की माणूस घाई करतो.

आपल्याकडे हंगामाची सुरुवात आणि परतीचा पाऊस एकाच वेळी येतात, त्यामुळे विजांचा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. सीमोल्लंघनाच्या सुमारास एका दुपारी अर्धा टँकर उतरला असताना पश्चिमेकडून गडगडाट ऐकू आला. पाऊस अजून लांब होता आणि ऊनही होते. व्हॉल्व्ह बंद केले, टँकरचे झाकण लावले, अर्थिंग तशीच ठेवली आणि सगळे यार्डाबाहेर येऊन थांबलो. आत एक्स्ट्रॅक्टरला हेक्झेनची गरज होती आणि वरून दोनदा विचारणा झाली. वादळ पूर्ण सरकून गेल्यावर, म्हणजे संध्याकाळी, उरलेला टँकर उतरवला. पूर्ण उतरवून झाल्यावरही अर्धा तास थांबून मगच डिप घेतो. धातूची डिपरॉड भारित द्रवाजवळ नेणे म्हणजे ठिणगीला वाट करून देणे, आणि तो भार ओसरायला वेळ द्यावा लागतो.

साठवणुकीत रोज करण्यासारखे फारसे काही नसते, पण पाहण्यासारखे बरेच असते. व्हेंटच्या तोंडावरची बारीक जाळी धुळीने, कोळिष्टकाने बुजली तर टाकीला श्वास घेता येत नाही, म्हणून ती ठरलेल्या वेळी उतरवून साफ होते. फ्लँजवरचे, म्हणजे पाइपच्या जोडांवरचे, विद्युतभार पुढे नेणारे तांब्याचे जंपर शाबूत आहेत का, आतली ज्वाला बाहेर येऊ न देणाऱ्या विजेच्या फ्लेमप्रूफ पेट्यांचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का, हे फेरीत पाहतो. एक बोल्ट कमी असलेली फ्लेमप्रूफ पेटी साध्या पेटीपेक्षा वेगळी राहत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यांचा रोध उन्हाळ्यात, माती सर्वांत कोरडी असताना मोजतो, कारण पावसाळ्यात तो आपोआप चांगला येतो आणि त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. टाकीतला साठा आणि प्लान्टमधला वापर यांचा मेळ रोज घालतो. दर टन सोयाबीनमागे हेक्झेनची घट अचानक वाढली तर ते कुठेतरी बाहेर जात आहे, आणि कुठे ते सापडेपर्यंत मला स्वस्थता नसते. फोमची व्यवस्था आणि कोरड्या पावडरीची अग्निशामके हाताशी असतात. पाण्याचा झोत पेटलेल्या हेक्झेनवर मारायचा नसतो, त्याने ते तरंगत पसरते. पाणी शेजारच्या टाक्या आणि पाइप थंड ठेवण्यासाठी वापरायचे, ही गोष्ट सरावात पुन्हा पुन्हा घोटून घेतो, कारण आग दिसली की माणसाचा हात सवयीने पाण्याकडेच जातो.

पावसाळ्यात प्लान्ट बंद करून दुरुस्ती निघते तेव्हा हेच काम उलट्या दिशेने करावे लागते: भरायचे नाही, संपूर्ण काढून टाकायचे. पहिल्यांदा माझ्या सहीने एक्स्ट्रॅक्टरमध्ये वेल्डिंगचे परमिट निघायचे होते, त्या वेळची गोष्ट सांगतो. आतला माल पुढे काढून टाकला, हेक्झेन टाकीत परत घेतले, आत पाण्याची वाफ सोडून राहिलेले हेक्झेन कंडेन्सरमध्ये उतरवले आणि मग पंख्याने हवा खेळवली. एक्स्ट्रॅक्टरला जोडलेल्या प्रत्येक लाइनीत लोखंडी ब्लाइंड, म्हणजे लाइन पूर्ण बंद करणाऱ्या चकत्या, टाकले. नुसता व्हॉल्व्ह बंद करून आत माणूस पाठवत नाहीत, कारण व्हॉल्व्ह थोडा का होईना पास होतो, म्हणजे गळतो.

तपासणीचा क्रमही ठरलेला आहे. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वाफ. आमच्या मीटरचा सेन्सर वाफ जाळून तिचे प्रमाण मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. आत पाण्याची वाफ कोंडलेली असेल आणि ऑक्सिजन कमी असेल तर तो शून्याच्या जवळचा आकडा दाखवून फसवू शकतो. ऑक्सिजन व्यवस्थित आला. वरच्या मॅनहोलपाशी मीटरने शून्य दाखवले, मधल्या उंचीवरही शून्यच आले. कंत्राटदाराची माणसे गॅस कटर घेऊन कुंपणाबाहेर तयार उभी होती. तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, वरचा आकडा धरू नका. जाळीखाली पेंड राहिली आसंल, तिथं नळी घाला." सक्शनची नळी काठीला बांधून जाळीच्या खालच्या कोपऱ्यात सोडली. थोडा वेळ काहीच झाले नाही, मग आकडा चढू लागला आणि किमान ज्वलन मर्यादेच्या, म्हणजे त्या १.१ टक्क्याच्या, १० टक्क्यांवर लावलेला अलार्म वाजला. जाळी आणि तळ यांच्यामध्ये ओल्या पेंडीचा एक थर चिकटून राहिला होता. थंड असताना ती पेंड हेक्झेन धरून ठेवते; कटरची उष्णता लागली असती तर तिने ते एकदम सोडले असते. परमिट निघाले नाही. खालचे हँडहोल उघडून लाकडी खोरण्यांनी पेंड बाहेर ओढली, पुन्हा वाफ दिली, पुन्हा हवा खेळवली. कटर दुसऱ्या दिवशी आत गेला.

इथे आणखी एक गोष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. १० टक्क्यांखालचा आकडा आगीच्या दृष्टीने दिलासा देणारा असला तरी माणसाच्या दृष्टीने नाही. १.१ टक्का म्हणजे दहा लाख भागांत ११,००० भाग. त्याचे १० टक्के म्हणजे १,१०० भाग. आठ तासांच्या कामासाठी नॉर्मल हेक्झेनची सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा दहा लाखांत फक्त ५० भाग आहे. हेक्झेनचा शरीरात गेल्यावर जो पदार्थ बनतो तो हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतो, आधी बोटे बधिर होतात, मग चालणे अवघड होते. चीनमधील सुझोउ येथे मोबाइलचे स्क्रीन हेक्झेनने पुसणाऱ्या कामगारांना २००९ च्या सुमारास हाच त्रास झाला होता. म्हणून आग लागणार नाही एवढ्यावर समाधान न मानता, माणूस आत जाताना मीटरवर काहीही दिसत असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावल्याशिवाय आम्ही त्याला आत पाठवत नाही, आणि सॉल्व्हंटने हात धुण्याची जुनी सवय तर पूर्णपणे बंद केली आहे.

त्या दुरुस्तीनंतर परमिटच्या छापील फॉर्ममध्ये मी तीन ओळी वाढवून घेतल्या. तपासणी वर, मध्ये आणि अगदी तळाशी अशी तीन ठिकाणी करून तीन आकडे वेगवेगळे लिहायचे. जाळीखालची जागा कोणी डोळ्यांनी पाहिली त्याचे नाव लिहायचे. आणि काम थांबून पुन्हा सुरू करताना, मग ते जेवणाच्या सुट्टीनंतर का असेना, तपासणी नव्याने करून वेळ टाकायची. पहिल्या हंगामात कंत्राटदारांनी याबद्दल कुरकुर केली. आता त्यांचेच फिटर जेवून आल्यावर मीटर घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहत कुंपणाबाहेर थांबतात.